धरण, व्हॉल्व्हमन आणि तिसरा मजला

शंकेखोर: तारीख मी सांगते, कारण तुम्ही सांगा, काका. २७ ऑगस्ट २०२५. भारतीय मालावरचा अमेरिकेचा आयातकर त्या दिवशी पन्नास टक्क्यांवर गेला. दलाल स्ट्रीट बंद होती, कारण गणेश चतुर्थी होती. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि सेन्सेक्स सातशे अंशांनी उतरला, म्हणजे पुरता एक टक्काही नाही. आमच्या डोंबिवली एमआयडीसीत मात्र तोवर तीन आठवडे कोणाला नीट झोप नव्हती. मी जिथे हिशेब बघते तिथे खरेदीदाराची मेल येऊन पडली होती: जहाजात चढलेला माल येऊ द्या, बाकीचा थांबवा, आणि चढलेल्या मालावरचा निम्मा कर तुम्ही सोसा. तुम्ही रोज सकाळी चहाबरोबर ते शेअर बाजाराचं चॅनल लावता आणि सांगता, जगाचं राजकारण बाजार हलवतं. मग ज्या राजकारणानं माझ्या टेबलावरचे कागद उडवले, त्यानं बाजाराचं पानही कसं हललं नाही?

उत्साही: आधीच हललं होतं. जादा पंचवीस टक्क्यांचा हुकूम ६ ऑगस्टला निघाला आणि तो एकवीस दिवसांनी लागू होणार हे त्यातच लिहिलेलं होतं. बाजार घटनेनं हलत नाही, धक्क्यानं हलतो. २ एप्रिलला ट्रम्पनी देशोदेशींच्या करांचा तक्ता दाखवला तो कोणाच्याच हिशेबात नव्हता. म्हणून ७ एप्रिलला सेन्सेक्स एका दिवसात २,२२७ अंश पडला, सकाळी तर जवळपास चार हजारांनी खाली होता. दुसरं म्हणजे, सेन्सेक्स तीस कंपन्यांचा. त्यात बँका आहेत, सॉफ्टवेअर आहे, तेल आहे, टेलिकॉम आहे. बँका इथल्याच कर्जांवर कमावतात. सॉफ्टवेअर कंटेनरमधून जात नाही, त्याला जकात लागत नाही. तुमचा फेज टूमधला कारखाना त्या तिसांत बसत नाही. बाजार बरोबरच बोलत होता, तू त्याला भलत्याच घरची खुशाली विचारलीस.

शंकेखोर: हेच मला तुमच्या तोंडून हवं होतं. म्हणजे हा देशाचा ताप मोजणारा थर्मामीटर नाही, तीस घरांचा आहे. बरं, त्या तीस घरांचं तरी घ्या. १ जून २०२४ च्या संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले, ३ जूनला सेन्सेक्सनं विक्रम केला, ४ जूनला प्रत्यक्ष निकाल लागला आणि ४,३९० अंश कोसळला, ७ जूनला पुन्हा नवा विक्रम. पंतप्रधान तेच राहिले. त्या चार दिवसांत राजकारण असं किती बदललं? एप्रिल २०२५ चंही तसंच. करांच्या घोषणेनं जे गेलं होतं ते १५ तारखेपर्यंत भरून निघालं. ज्यानं सगळ्या बातम्या वाचल्या होत्या त्यानं घाबरून खालच्या भावात विकलं. जो माथेरानला गेला होता आणि ज्याच्या फोनला रेंज नव्हती, त्याचं काहीच गेलं नाही. बाजार पडला की संध्याकाळी कारण सांगायला दहा माणसं सापडतात. सकाळी एकही नसतं.

उत्साही: एकेका दिवसाकडे बघशील तर तसंच दिसणार. मी दिवस बघत नाही, पाणलोट बघतो. आणि हे मी चॅनलवरून शिकलो नाही, आपल्या कल्याण जंक्शनवरून शिकलो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, हे शाळेतली पोरंही सांगतात. ती कोणाच्या पैशानं आली, हे कोणी विचारत नाही. जीआयपी रेल्वेचे भागधारक बसले होते इंग्लंडात, आणि १८४९ च्या करारानं ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. रेल्वेला नफा झाला नाही तरी पाच टक्के ठरलेले. १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली. पुढे एक फाटा बोरघाटाकडे, एक थळघाटाकडे. थळघाटापलीकडे काय, तर खानदेश आणि वऱ्हाड, म्हणजे कापूस. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची उपासमार सुरू झाली. मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्या पैशातून बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद शेअर बाजाराचा राजा झाला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सैन्यानं शरणागती पत्करली. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस, आणि त्या दिवशी देणी द्यायला लोकांकडे पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत गेलेला शेअर सत्याऐंशी रुपयांना विकायची वेळ आली. व्हर्जिनियातली लढाई, आणि दिवाळं निघतं काळबादेवीला. याहून मोठा पुरावा तुला काय देऊ?

शंकेखोर: पुरावा पक्का आहे, फक्त तो तुमच्या बाजूचा नाही. त्या काळी मुंबईत जगाची बातमी सगळ्यात आधी कोणाला कळत असेल? प्रेमचंदलाच. तोच बुडाला. लढाई कधीतरी संपणार हे काळबादेवीतल्या मुनीमालाही कळत होतं. कधी संपणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाजारात सगळी किंमत त्या ‘कधी’ची. आणि थळघाटाचा मार्ग पूर्ण झाला तोही १८६५ मध्येच! कापूस झपाट्यानं उतरायची सोय झाली आणि भाव गडगडला. पण मला गंमत वाटली ती तुम्ही ओझरत्या सांगितलेल्या पाच टक्क्यांची. इंग्लंडातल्या भागधारकाला हमी होती. ती भरायची कोणी? इथल्या महसुलातून, म्हणजे शेतसारा देणाऱ्यानं. ठाण्याच्या आसपासचा भात पिकवणारा कुणबी जीआयपीचा जामीनदार होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. जगाचं राजकारण बाजार हलवतं की नाही, यापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो. हलल्यावर खाली कोण उभा असतो?

उत्साही: प्रश्न चांगला आहे, पण दीडशे वर्षांपूर्वीचा. आता कुणब्याला न विचारता कोणी जामीन करत नाही.

शंकेखोर: मला केलं की. माझं घरकर्ज २०२१ चं. तीस लाख, वीस वर्षं, ६.७ टक्के, हप्ता २२,७२२ रुपये. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाची फौज युक्रेनमध्ये शिरली. मार्चमध्ये कच्चं तेल पिंपाला १३९ डॉलरला शिवून आलं. अमेरिकेच्या फेडनं व्याजदर वाढवायला घेतला. ४ मे ला आपल्या रिझर्व्ह बँकेनं वेळापत्रकात नसलेली बैठक जाहीर करून रेपो, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, चारवरून ४.४० केला.

उत्साही: आठवतंय. एलआयसीचा आयपीओ त्याच दिवशी उघडला होता. मी पॉलिसीधारकाच्या कोट्यातून अर्ज केला. ९४९ चा भाव होता, आम्हाला साठ रुपये सूट. नोंदला गेला तो आमच्या सवलतीच्या भावाच्याही खाली.

शंकेखोर: तुम्ही निदान अर्ज तरी केला होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहावर गेला, माझा दर ९.२ वर. तीस लाखांचं ९.२ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं तेवीस हजार. माझा हप्ता किती? २२,७२२. थोडं मुद्दल फिटलं होतं म्हणून बचावले. नाहीतर दर महिन्याला हप्ता भरायचा आणि कर्ज वर पावणेतीनशे रुपयांनी वाढायचं. बँकेनं विचारलंही नाही, मुदत तेवढी लांबवून टाकली. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२३ मध्ये परिपत्रक काढून सांगावं लागलं. आणि या सगळ्या काळात तुमचा बाजार? युद्धाच्या आदल्या दिवशी सेन्सेक्स ५७ हजारांत होता, रेपो साडेसहावर गेला तेव्हा साठ हजारांवर. त्यानं लढाई पचवून ढेकर दिला. माझ्या पासबुकात ती अजून लढली जातेय.

उत्साही: अगं, पण ही तर माझीच साखळी तू सांगितलीस! कीव्हपासून तुझ्या पलावातल्या घरापर्यंत कडीला कडी. मी सहकारी बँकेत तीस वर्षं कर्ज विभागात काढली. आमच्या वेळी दर बदलला की कर्जदाराला पत्र जायचं, आणि दर उतरला की पत्र पोस्टात हरवायचं. १ ऑक्टोबर २०१९ पासून मोठ्या बँकांची नवी घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधली, म्हणून चढ जसा लगेच आला तसा उतारही आला. २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्यानं खाली आला, तो तुला मिळाला की नाही? जगाशी नळ जोडला की गढूळ पाणी येतं तसं स्वच्छही येतं.

शंकेखोर: मिळाला, खोटं कशाला बोलू. पण नळ म्हणालात ते बरं झालं. डोंबिवलीत राहून नळाची उपमा देताय म्हणजे व्हॉल्व्हमन आठवा. बारवी भरून वाहतंय असं पेपरात येतं, आणि तिसऱ्या मजल्यावर बादली रिकामी. धरणात पाणी किती आणि घरात किती, यांच्यामध्ये एक माणूस चावी घेऊन उभा असतो. पेट्रोलचं बघा. २०२२ च्या जुलैमध्ये, ठाण्याचेच मुख्यमंत्री नुकते झाले होते, राज्यानं कर उतरवला आणि पेट्रोल पाच रुपयांनी स्वस्त झालं. त्यानंतर मार्च २०२४ पर्यंत मुंबईच्या पंपावर १०६ रुपये ३१ पैसे. पावणेदोन वर्षं तोच आकडा! कच्चं तेल त्या काळात शंभरावरून सत्तरच्या घरात जाऊन आलं. मग दोन रुपये उतरले ते लोकसभेच्या तोंडावर. आता सांगा, त्या काळात ज्यानं रोज ओपेकच्या बातम्या वाचल्या, त्याला घोडबंदरच्या पंपावर काय कळलं? जगाचं राजकारण आपल्यापर्यंत जसंच्या तसं पोचतच नाही. मध्ये कोणीतरी चावी फिरवतो. तुमचं चॅनल धरणाची पातळी सांगतं. चावीवाल्याच्या मनात काय आहे, ते कुठे सांगतं?

उत्साही: व्हॉल्व्हमन वाईट असतो असं कोणी सांगितलं तुला? चावी नव्हती तेव्हा काय झालं, ते मी पाहिलंय. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं. तेल भडकलं, आखातातून येणाऱ्या मनिऑर्डरी आटल्या. १९९१ च्या उन्हाळ्यात देशाकडे काही आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले होते. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सत्तेचाळीस टन सोनं मुंबईहून विमानानं गहाण पडायला गेलं. रुपयाचं अवमूल्यन केलं ते तीन दिवसांत दोनदा. तेव्हा धरणाचं पाणी सरळ घरात घुसलं होतं. आज रिझर्व्ह बँक डॉलर साठवते, रुपया घसरू लागला की विकते, म्हणून तुमच्या कारखान्याला कच्चा माल आणायला डॉलर मिळतो. ती चावीच आहे. पंपावरचा भाव थिजला तेव्हा आधी तोटा सोसलेल्या तेल कंपन्यांचा खड्डा भरून निघत होता, हेही सांग ना.

शंकेखोर: सांगते. आणि निर्यातदाराला रुपया पडला की फायदा होतो, हे तुम्ही मला लहानपणापासून शिकवलंत, त्याचंही सांगते. आमचा कच्चा माल येतो चीनमधून, डॉलरमध्ये. रुपया पडला की तो महाग. खरेदीदारही मूर्ख नाही. तो त्याच आठवड्यात फोन करतो, तुमचा रुपया पडलाय, भावात दोन टक्के उतरा. आम्ही फॉरवर्ड कव्हर घेतलेलं असतं, म्हणजे डॉलर आधीच ठरलेल्या दरानं विकून ठेवलेला. राहिला काय फायदा? २०२३ च्या शेवटी येमेनमधल्या हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तर युरोपचा माल न्हावाशेवाहून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागला. भाडं कित्येक पटींनी वाढलं, दहा-पंधरा दिवस जास्त लागायचे, आणि तेवढे दिवस आमच्या निर्यातीच्या कर्जाचं व्याज चालूच. येमेन कुठे आहे ते आमच्या मालकांना नकाशात दाखवता येणार नाही. त्याचं बिल मात्र पाठ आहे.

उत्साही: म्हणून तर म्हणतो, नकाशा बघा! तू त्रासाची यादी वाचतेस आणि शेवटी म्हणतेस, वाचून उपयोग नाही. तुझ्या काकूचं उदाहरण घे. २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाचे सुमारे तीनशे अब्ज डॉलर गोठवले. जगातल्या मध्यवर्ती बँकांना कळलं की दुसऱ्याच्या तिजोरीतला डॉलर हा परवानगीचा पैसा आहे. २०२२, २३, २४, तिन्ही वर्षी त्यांनी प्रत्येकी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेनं तर २०२४ मध्ये शंभर टन सोनं विलायतेहून परत आणलं. एप्रिल २०२५ मध्ये तोळा लाखाला टेकला. हे ज्यानं वाचलं, त्याचं भलं झालं.

शंकेखोर: काकूनं हे वाचलं होतं?

उत्साही: छे. ती दर गुरुपुष्याला दोन ग्रॅमचं वेढणं घेते, लग्न झाल्यापासून.

शंकेखोर: आणि तुम्ही, वाचून?

उत्साही: मी जुलै २०२४ च्या बजेटमध्ये आयातकर पंधरावरून सहा टक्क्यांवर आला तेव्हा म्हटलं, आता भाव पडणार. चार दिवस पडलाही. थांब अजून, म्हणून काकूला दोन महिने घेऊ दिलं नाही. त्यावरून अजून ऐकतो. तरी माझा मुद्दा सुटत नाही. काकू जिंकली ती योगायोगानं नाही. तिच्या सवयीत तीन पिढ्यांचं राजकारण साठलंय. सरकारं बदलतात, नोटा बदलतात, बांगडी राहते. तिनं जग वाचलेलं नाही, तिच्या आजीनं भोगलेलं आहे.

शंकेखोर: हे पटलं. पण मग शहाणपण बातमीत नाही, सवयीत आहे, असं होतं.

उत्साही: मग आजची सवय बघ, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची एसआयपी. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या बाजारात नव्वद हजार कोटींहून जास्त रुपयांचे शेअर विकले. चीननं अर्थव्यवस्थेला टेकू द्यायचं जाहीर केलं होतं, त्यांना तिकडे जायचं होतं. २००८ मध्ये असं झालं तेव्हा वर्षभरात सेन्सेक्स एकवीस हजारांवरून आठ हजारांच्या घरात आला होता. या वेळी उतरला, पण मोडला नाही. कारण त्याच महिन्यात एसआयपीतून २५,३२३ कोटी आले. कोणाचे? ८.०५ च्या फास्टला लटकणाऱ्यांचे, वागळे इस्टेटच्या आयटी पार्कात बसणाऱ्यांचे. मार्च २०२५ पर्यंत एनएसईवरच्या कंपन्यांत देशी संस्थांचा वाटा परदेशी गुंतवणूकदारांहून जास्त झाला. पहिल्यांदाच आपल्या बाजाराला आपली ढाल मिळाली. तुझा कुणबी जामीनदार होता. हा मालक आहे.

शंकेखोर: ढाल कुठे धरतात, काका? वार येतो त्या बाजूला. परदेशी फंडाला जायचं होतं, आणि तो चांगल्या भावात गेला, कारण महिन्याच्या पाच तारखेला आमच्या खात्यातून पैसे आपोआप कापले जातात, भाव काही असो. त्यानं जग वाचून विकलं. आम्ही न वाचता घेतलं. मालक म्हणता, तर मालकाला कधी घ्यायचं ते ठरवता यायला हवं. इथे ठरवलंय एका मँडेटनं, ज्यावर मी तीन वर्षांपूर्वी सही केली. पुढची दहा वर्षं बाजार वर गेला तर तुम्ही खरे. जपानसारखा झाला, १९८९ चा कळस परत गाठायला २०२४ उजाडलं, तर ढाल धरणारा हात साठीचा झालेला असेल.

उत्साही: आणि मुदत ठेवीत ठेवलं असतं तर? व्याजावर कर भरून, महागाई वजा करून हातात काय येतं, ते मी रोज बघतो. मी ठेवींवरच जगतो. तुझा दर सव्वा टक्क्यानं उतरला त्याचा आनंद तुला, त्याची झळ मला. तुझ्या हप्त्यातले जे पैसे कमी झाले ते माझ्या व्याजातून गेलेत. बाजाराबाहेर राहिलं म्हणून कोणी कोरडा राहत नाही. आणि ठेव तरी कुठे निर्धास्त? विमा पाच लाखांचा, तोही फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी लाखच होता. धोका टाळता येत नाही, तो कुठल्या खिशात ठेवायचा एवढंच ठरवता येतं. म्हणून म्हणतो, वाचत राहा.

शंकेखोर: वाचून ऑप्शन्समध्ये शिरतात, त्यांचं काय? सेबीनंच मोजलंय. २०२४-२५ मध्ये त्या खेळातल्या शंभरातल्या एक्क्याण्णव जणांचा तोटा झाला, एकूण एक लाख कोटींवर. ती काही अडाणी माणसं नव्हती. त्यांतल्या पुष्कळांना फेडची बैठक कधी आहे ते तोंडपाठ असणार.

उत्साही: मला पाठ होती.

शंकेखोर: काका?

उत्साही: ३ जून २०२४. एक्झिट पोल बघून कॉल ऑप्शन घेतले, बाजार चढणार म्हणून. दिशा, कारण, सरकार, सगळं मी बरोबर ओळखलं होतं. सरकार तेच आलं, बाजार चौथ्या दिवशी विक्रमावर गेला. माझे कॉल ४ तारखेलाच मातीमोल झाले होते. काकूला सांगू नकोस.

शंकेखोर: मी मघाशी माथेरानच्या माणसाचं म्हटलं, ते तुम्हाला लागलं असेल.

उत्साही: लागलं. पण मला त्यातून दिसतं ते वेगळं. मी जग चुकीचं वाचलं नव्हतं. मी तीन दिवसांची मुदत विकत घेतली होती आणि गोष्ट चार दिवसांची होती. तू घर घेतलंस वीस वर्षांच्या मुदतीनं, आणि व्याज बदलतं दोन-दोन महिन्यांनी. दोघांचीही गोष्ट आणि मुदत जुळली नाही. आता बोल. दिवाळीच्या बोनसचे साठ हजार आलेत ना तुझे? कर्जात भरणार की फंडात?

शंकेखोर: कर्जात. आठाच्या आसपास टक्के नक्की वाचतात, आणि त्याला चॅनल लागत नाही.

उत्साही: म्हणजे व्याजदर आणखी फारसे उतरणार नाहीत, यावर तू पैज लावलीस. फेड, तेल, रुपया, सगळं धरून. तू म्हणतेस तू खेळत नाहीस.

शंकेखोर: मग काय करू? घरात ठेवू?

उत्साही: घरात ठेवलेस तर नोटेवर पैज. मी सांगत नाही काय कर. मी एवढंच विचारतो, तीस लाखांतले किती उरलेत, मुदत किती उरली? ते स्टेटमेंट आण आधी. आणि चष्मा दे माझा, तिकडे टीव्हीवर असेल.